फुलकोबीची कुळकथा

सरकारी निवासस्थानाच्या मागे जी दहा-बारा हात जागा असते तिला परसू म्हणावे की नाही, याविषयी आमच्या मनात संदेह आहे. तथापि नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांनी असल्या जागेत मेथी, शेपू आणि कोथिंबीर पेरलेली आम्ही पाहिली आहे. या भाज्यांचे बी शोधावयास दूर जावे लागत नाही. डब्यातली मूठभर मेथी वाफ्यात टाकली की चार-पाच दिवसांत अंकुर वर येतात. धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडले की प्रत्येकाची दोन शकले होतात, आणि तीच पेरावयाची. मोहरीलाही तेवढेच कष्ट. स्वयंपाकघर हेच या पिकांचे बीजभांडार होय.

फुलकोबीचे मात्र तसे नाही. बाजारातून आणलेला गड्डा कितीही न्याहाळला तरी त्यात बी सापडत नाही, कारण तो गड्डा म्हणजे उमलण्यापूर्वीच खुडलेला फुलोरा. बी विकतच आणावे लागते. दिल्लीत आम्ही प्रथम आणलेल्या पुडीवर 'पुसा कातकी' असे नाव होते. आम्हांस ते एखाद्या गावाचे वाटले. वस्तुतः कातकी म्हणजे कार्तिकी. कार्तिकात तयार होणारी. पुढे कळले की उत्तर हिंदुस्थानातील माळ्यांनी आपल्या फुलकोबीची वाणे महिन्यांच्या नावांनीच ओळखली होती. कुंवारी म्हणजे आश्विनातली, मग कातकी, नंतर मार्गशीर्षातली अगहनी, पौषातली पूसी, आणि शेवटी माघी. (इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, हे पंचांग पाहताना आपण विसरतो आणि मग पंधरा दिवसांचा घोळ होतो.) जी भाजी सर्वांस विलायती म्हणून ठाऊक, तिची नावे इतकी देशी कशी, हा प्रश्न तेव्हा मनात आला, आणि त्याचाच मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

कोबी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मराठी शब्दच त्यांच्या 'कोव' या शब्दावरून आला, असे मानले जाते. फुलकोबी हे त्याच कुळातले धाकटे भावंड. हिंदुस्थानात तिचा प्रवेश मात्र पुष्कळ उशिरा, इंग्रजांच्या अमदानीत झाला. भाजीपाल्यावरील जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक वाक्य आढळते. त्याचा आशय असा की, १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेचे प्रमुख डॉ. जेम्सन यांनी इंग्लंडमधील क्यू येथून फुलकोबीचे बी आणिले.

कचेरीत टिपणे तपासण्याची सवय जडलेल्या माणसास असले वाक्य सहज गिळवत नाही. सहारनपूरची बाग कंपनीने १८१७ मध्ये ताब्यात घेतली व तिच्यावर डॉ. गोव्हन यांची नेमणूक केली. १८२३ मध्ये तेथे डॉ. रॉयल आले. बागेच्या इतिहासात जे प्रसिद्ध विल्यम जेम्सन आहेत, ज्यांनी कुमाऊँ-गढवालात चहाची लागवड वाढविली, त्यांनी बागेची सूत्रे १८४२ मध्ये हाती घेतली. त्यांचा जन्म १८१५ सालचा. म्हणजे १८२२ मध्ये त्यांचे वय सात वर्षांचे होते. तेव्हा एक तर साल चुकले आहे, नाही तर नाव चुकले आहे. आणि पुस्तकामागून पुस्तक तीच नोंद उतरवून घेत आले आहे. आमच्या मते साल व स्थळ यांवर तूर्त विश्वास ठेवावा आणि नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे.

सहारनपूरच्या या बागेविषयी मराठी वाचकास थोडी आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. ही बाग मूळची रोहिल्यांच्या काळची. या मुलुखाचा धनी गुलाम कादिर. १७८८ मध्ये त्याने बादशहा शहाआलमचे डोळे काढले, आणि पुढच्याच वर्षी महादजी शिंद्यांनी त्याला पकडून देहान्त शासन केले. त्यानंतर १८०३ पर्यंत सहारनपूर मराठ्यांच्या अंमलाखाली होते. दिल्लीच्या राजकारणाच्या आपल्या इतिहासात या बागेचा उल्लेख कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. लढायांच्या धामधुमीत बागेकडे कोण पाहतो? असो.

कंपनी सरकारास भाजीपाल्याची ही उठाठेव कशासाठी हवी होती, हे आपल्यासारख्या परगावी नेमलेल्या नोकरांस सांगावयास नको. परक्या मुलुखात गेलेल्या माणसाला प्रथम आठवण होते ती घरच्या जेवणाची. कलकत्त्यात १८२० मध्ये पाद्री विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यान संस्था निघाली. पश्चिम हिंदुस्थानसाठी तशीच संस्था १८३० मध्ये स्थापन झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही तिच्याच व्यवस्थेखाली आहे. विलायती बियांचा प्रसार हा त्या काळच्या अशा संस्थांचा एक मोठा उद्योग असे. परंतु बी येणार कसे? १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत जहाजे आफ्रिकेस वळसा घालून येत. ओलसर हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बियांत जीव कितीसा उरावा? बरे, आलेले बी उगवले, गड्डेही धरले, तरी पुढच्या वर्षासाठी बी धरण्याची सोय नव्हती. युरोपातील फुलकोबीला फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. गंगा-यमुनेच्या सपाटीवर तेवढी थंडी मिळत नाही. गड्डा फुटून दांडे वर येतात न येतात तोच उन्हाळा येऊन ठेपतो. म्हणजे दर वर्षी नवे बी मागवावे, पैसे भरावे आणि जहाजाची वाट पाहावी, असा हा व्यवहार होता.

तो व्यवहार मोडला कोणी? येथे लेखी पुरावा मुका होतो, पण वनस्पती बोलते. पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतील विष्णु स्वरूप आणि एस. एस. चटर्जी यांनी १९७२ मध्ये भारतीय फुलकोबीच्या उगमाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, आपली ही फुलकोबी मुख्यतः इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील जुन्या वाणांपासून आणि त्यांत मिसळलेल्या इतर युरोपीय वाणांपासून उतरली आहे. तिला आजचे रूप आले ते येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे. ते घडले असावे ते असे. शेकडो रोपांतून पाच-दहा रोपे अशी निघाली की त्यांनी उकाड्यातही गड्डा धरला आणि सपाटीवरच्या तोकड्या थंडीत फुलून शेंगाही दिल्या. माळ्याने ते बी जपले. पुढल्या वर्षी तशी रोपे अधिक निघाली. ज्याचा गड्डा सर्वांआधी बाजारात जाई त्यास दरही चांगला मिळे. तेव्हा लवकर येणाऱ्या रोपांचे बी धरण्याकडे ओढा असणे स्वाभाविक होते. अशा रीतीने माघातली भाजी पौषात, पौषातली मार्गशीर्षात असे करीत ती आश्विनापर्यंत अलीकडे आली. महिन्यांची ती नावे म्हणजे या माघारीच्या वाटेवरील मुक्कामच होत.

याची किंमतही द्यावी लागली, हे खरे. ही देशी फुलकोबी आकाराने लहान, रंगाने पिवळसर, वासाने उग्र. वेळेवर काढली नाही तर गड्डा लगेच विस्कटतो. पांढऱ्याशुभ्र, घट्ट अशा 'स्नोबॉल'पुढे ती गावंढळ दिसते. परंतु स्नोबॉलला गड्डा धरण्यासाठी दहा ते सोळा अंश सेल्सिअस तापमान हवे. कुंवारी-कातकी वीस ते सत्तावीस अंशांतही गड्डा धरतात. दिवाळीच्या सुमारास ताटात फुलकोबी येते ती या गावंढळ कुळाच्याच कृपेने.

१९२९ च्या सुमारास कलकत्त्याच्या सटन कंपनीने आपल्या सूचिपत्रात चार देशी वाणे छापली. दोन पाटण्याची, दोन बनारसची; प्रत्येकाचे एक लवकरचे व एक मुख्य हंगामाचे. ज्या कंपनीचे मूळ घर बियांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडात, तीच आता गंगाकाठी तयार झालेले बी विकू लागली! पाटण्याची, बनारसची म्हणून नावे आली. परंतु बिहारातील कोइरी आणि संयुक्त प्रांतातील काछी यांच्यासारख्या भाजी पिकविणाऱ्या ज्या जातींच्या हातून असले काम होत असे, त्यांतील एकाही माणसाचे नाव कोठे आले नाही. ज्याने बी आणले म्हणतात त्याचे नाव, तेही बहुधा चुकीचे, प्रत्येक पुस्तकात आहे. ज्यांनी ते शंभर वर्षे राखले त्यांची नोंद नाही.

पुढचा इतिहास संस्थांचा असल्याने त्याचे कागद आहेत आणि तो थोडक्यात सांगता येतो. पुसा हे बिहारातील गाव. तेथे १९०५ मध्ये स्थापन झालेली संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीस हलली आणि येताना गावाचे नावही बरोबर घेऊन आली. (बदली झालेल्या नोकराने आपल्या गावाचे नाव घराच्या पाटीवर लिहावे, तसाच हा प्रकार.) दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारे बी थांबले. अधिक धान्य पिकवा ही मोहीम त्याच सुमारास, १९४२-४३ मध्ये सुरू झाली होती. तेव्हा थंड हवेत होणाऱ्या भाज्यांचे बी क्वेट्टा येथे तयार करण्यास आरंभ झाला. १९४७ मध्ये क्वेट्टा पाकिस्तानात गेले, आणि १९४९ मध्ये कुलू खोऱ्यातील कटराई येथे नवे केंद्र उभारावे लागले. स्नोबॉलचे बी आजही तशा डोंगराळ भागातच धरले जाते. कातकीच्या बियास मात्र फाळणीची झळ लागण्याचे कारण नव्हते. ते येथल्या मैदानातच पिकत होते.

हे सर्व वाचून आम्हांस उमेद आली आणि मागील एका हंगामात सर्वांत देखणा असा एक गड्डा न खुडता बियांसाठी राखला. फेब्रुवारीत तो फुटला, हातभर दांडे वर आले, पिवळी फुले बहरली, मधमाश्याही आल्या. आम्ही पुडीसाठी कागद कापून ठेवला. शेंगा मात्र धरल्या नाहीत. ज्या दोन-चार धरल्या त्या पोकळ निघाल्या. कारण मागाहून समजले. या देशी वाणाची झाडे स्वतःचा पराग स्वीकारीत नाहीत. जवळपास दुसरी झाडे असली तरच बी धरते, आणि वाण टिकवावयाचे तर अशी झाडे पुष्कळ हवीत. तेव्हा प्रथम आमच्या ध्यानात आले की पाटण्याकडचा माळी दर वर्षी एक गड्डा बाजूला ठेवीत नसे. शेतातले उत्तमातले उत्तम कितीतरी गड्डे ऐन दराच्या दिवसांत न विकता तो उभे ठेवी आणि चैत्र-वैशाखापर्यंत ती जमीन अडकवून बसे. ज्यास रोजच्या विक्रीवर घर चालवावयाचे त्याने हे शंभर वर्षे करावे, यास काय म्हणावे?

आज दुकानात मिळणाऱ्या पुड्यांपैकी पुष्कळ संकरित बियांच्या असतात. त्यांचे पीक एकसारखे व भरघोस येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यांचे धरलेले बी मूळ वाणासारखे निघत नाही, म्हणून दर वर्षी नवी पुडी घ्यावी लागते. म्हणजे जहाजाची वाट पाहण्याचा तो जुना व्यवहार निराळ्या रूपाने परत आला म्हणावयाचा. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याने शेतकऱ्याचा आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला आणि शेतकऱ्यांनी घडविलेल्या वाणांच्या नोंदणीचीही तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण हक्क बजावण्यासाठी प्रथम बी धरणारे वाण हाती असावे लागते.

यंदा आम्ही कातकीची आठ झाडे राखली आहेत. दहा हात जागेत आठ झाडे पाच महिने उभी राहिल्यावर मेथीला वाफा उरत नाही, आणि याविषयी सौ.चे मत येथे लिहिण्याजोगे नाही. मधमाश्या येत आहेत. खालच्या दांड्यांवर शेंगा धरल्या आहेत. त्या अजून हिरव्या आहेत, आणि बोटाने दाबून पाहिल्यास आत दाणा लागतो.