फार्दस्ट

फार्दस्ट हे इंग्रजी भाषेतील ‘फार’ (दूर) या शब्दाचे तमभावदर्शक रूप आहे. ठरावीक बिंदूपासून सर्वाधिक अंतरावर असलेले स्थळ किंवा वस्तू या शब्दाने दर्शविली जाते. मराठीत त्यासाठी ‘सर्वांत दूर’, ‘सर्वांत लांबचा’ असे शब्दप्रयोग होतात. ‘दूरतम’ हे संस्कृत घडणीचे रूप मुख्यतः शास्त्रीय लेखनात आढळते. उच्चारसाम्य असले तरी ‘पुष्कळ’ या अर्थाच्या मराठी ‘फार’शी इंग्रजी शब्दाचा संबंध नाही. संस्कृत ‘पर’ (पलीकडचा) मात्र त्याचा दूरचा नातलग मानला जातो.

वापर

‘फर्दस्ट’ हे याचेच जोडरूप होय. मोजता येणाऱ्या अंतरासाठी फार्दस्ट आणि प्रमाण, प्रगती यांसारख्या अमूर्त गोष्टींसाठी फर्दस्ट, असा भेद विशेषतः अमेरिकी लेखनात पाळला जातो. ब्रिटिश इंग्रजीत फर्दस्ट दोन्ही अर्थांनी चालतो.

या शब्दाला संदर्भबिंदू आवश्यक असतो, ‘कोठून?’ याचे उत्तर गृहीत धरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. वऱ्हाडातील शकुंतला या अरुंदमापी रेल्वेचा एक फाटा मूर्तिजापूरहून यवतमाळला (सुमारे ११३ किमी) व दुसरा अचलपूरला (सुमारे ७६ किमी) जात असे. मूर्तिजापूरहून पाहता या मार्गावरील सर्वांत दूरचे स्थानक यवतमाळ. यवतमाळहून पाहता तेच स्थान अचलपूरकडे जाते. रुळांची लांबी मात्र कोठूनही पाहिली तरी बदलत नाही.

‘लाँगेस्ट’शी होणारी गल्लत

इंग्रजीत अंतरासाठी ‘फार’ व लांबीसाठी ‘लाँग’ असे वेगळे शब्द आहेत. मराठी ‘लांब’ दोन्ही कामे करतो. ‘सर्वांत लांब रस्ता’ यात लांबी अभिप्रेत असते, तर ‘सर्वांत लांबचे गाव’ यात अंतर. सारा भेद ‘चे’ या प्रत्ययावर तोललेला आहे. भाषांतरकाराने तो गाळल्यास अर्थच पालटतो.

लांबीच्या तमभावाचे ठळक उदाहरण अमरावती–अकोला मार्गावर आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या या टप्प्यात ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी सुरू झालेले काम ७ जून रोजी सायंकाळी ५ वाजता संपले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किमी लांबीचा, एका मार्गिकेचा बिटुमिनस काँक्रीटचा पट्टा सलग अंथरण्यात आला. ‘राजपथ इन्फ्राकॉन’ या कंपनीच्या या कामावर ७२० जण अहोरात्र राबत होते. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथील २५.२७५ किमीचा होता (फेब्रुवारी २०१९). त्या कामास दहा दिवस लागले होते.

येथील ‘सर्वांत लांब’ हे विशेषण सलग अंथरलेल्या एका मार्गिकेला लागते, रस्त्याला नव्हे. दुपदरी रस्त्याच्या हिशेबात ही लांबी ३७.५ किमी भरते. शिवाय बिटुमिनस काँक्रीट हा रस्त्याचा केवळ वरचा थर असतो. त्यामुळे ‘पाच दिवसांत ७५ किमी रस्ता बांधला’ हे विधान ऐकायला कितीही भारदस्त वाटले, तरी नोंदीतील विक्रमाचे ते अचूक वर्णन ठरत नाही.