डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग घेण्यापूर्वी...

– प्रतिनिधी

संगणकावर मोटारींची शर्यत खेळणे हा आता केवळ मुलांचा विरंगुळा राहिलेला नाही. २००८ साली सुरू झालेली 'आयरेसिंग' आणि २०१४ मध्ये आलेली 'असेटो कोर्सा' यांसारख्या प्रणालींनी खऱ्या शर्यतपथांचे चढउतार व टायरांच्या वर्तनाचे गणित घरच्या पडद्यावर आणले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शर्यती थांबल्या, तेव्हा फॉर्म्युला वनच्या आयोजकांनी आभासी ग्रां प्री भरविल्या आणि काही व्यावसायिक चालकही त्यांत घरूनच उतरले. 'सिम रेसिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदात काही काळ रमलेल्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाती असलेले साधे स्टीअरिंग बाजूला ठेवून 'डायरेक्ट ड्राइव्ह' प्रकारचे घ्यावे काय? खर्च मोठा असल्याने हा निर्णय घाईने घेण्याजोगा नाही. त्यासाठी उपयुक्त ठरणारी माहिती येथे संकलित केली आहे.

हातांना मिळणारी वार्ता

खरी मोटार चालविताना वेग, हिसके आणि घसरण यांची जाणीव चालकाच्या सर्वांगाला होत असते. घरच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र डोळे, कान आणि हात एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे स्टीअरिंगमधील विद्युत मोटर हातांना जो विरोध करते, त्याला फार महत्त्व येते. यालाच 'फोर्स फीडबॅक' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. अटारी कंपनीच्या १९८९ मधील 'हार्ड ड्रायव्हिन' या नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रातही ती होती.

या विरोधातून नेमके काय कळते? वळणावर पुढच्या टायरांनी रस्त्याची पकड घेतली की स्टीअरिंग सरळ होण्यासाठी ओढ घेऊ लागते. टायर पकडीच्या मर्यादेजवळ पोहोचला की ही ओढ कमी होते आणि पकड पूर्णपणे सुटण्यापूर्वीच स्टीअरिंग किंचित हलके लागते. तो हलकेपणा ओळखून हात सावरणारा चालक मोटार रस्त्यावर ठेवतो. ज्याला तो कळत नाही, त्याला घसरण पडद्यावर दिसते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. स्टीअरिंगची खरी परीक्षा हा सूक्ष्म फरक हातापर्यंत पोहोचविण्यात आहे.

दाते, पट्टा आणि थेट जोडणी

मोटरचे बल चक्रापर्यंत नेण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिली दात्यांच्या चाकांची. लॉजिटेकच्या २००६ मधील 'जी२५' व २०१५ मधील 'जी२९' या लोकप्रिय उपकरणांत हीच योजना होती. लहान मोटरची ताकद दात्यांमुळे वाढते आणि किंमत आटोक्यात राहते. पण दात्यांमधील बारीक फटीमुळे खडखडाट होतो व चक्र सरळ असताना हाताला पोकळपणा जाणवतो. दुसरी पद्धत पट्ट्याची. थ्रस्टमास्टरच्या २०१४ मधील 'टी३००'मध्ये ती आढळते. येथे फिरणे मऊ होते. मात्र पट्ट्याचा ताण आणि घर्षण यांत बारकावे काही प्रमाणात विरून जातात.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चक्र थेट मोटरच्या दांड्यावर बसते. मध्ये काहीच नसल्याने मोटरची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी हाती येते. दात्यांचे साहाय्य नसल्याने सगळे बल मोटरलाच निर्माण करावे लागते. साहजिकच ती मोठी, वजनदार व महाग असते.

प्रारंभी हौशी मंडळींनी कारखान्यांतील यंत्रांच्या सर्व्हो मोटर वापरून अशी स्टीअरिंग घरीच जुळविली. फिनलंडच्या ग्रॅनाइट डिव्हायसेसची 'सिमुक्यूब' ही मालिका त्याच परंपरेतून पुढे आली. फॅनाटेकने २०१८ मध्ये सादर केलेल्या 'पोडियम डीडी१'ची किंमत सुमारे १,२०० युरो होती. याच कंपनीने २०२१ मध्ये 'सीएसएल डीडी' सुमारे ३५० युरोंना आणले. तेव्हापासून ही बाजारपेठ झपाट्याने बदलली. २०२२ मध्ये लॉजिटेक व थ्रस्टमास्टर याही कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, तर चीनच्या मोझा कंपनीने 'आर५' हे लहान उपकरण आणले.

न्यूटन मीटरचा हिशेब

स्टीअरिंगची ताकद न्यूटन मीटरमध्ये सांगितली जाते. दात्यांच्या साध्या उपकरणात ती दोनच्या आसपास असते. 'सीएसएल डीडी' पाच न्यूटन मीटर देते आणि मोठा वीजपुरवठा जोडल्यास आठ. लॉजिटेकचे 'जी प्रो' अकरा, तर 'पोडियम डीडी२' पंचवीसपर्यंत जाते.

हे आकडे हातांच्या भाषेत असे सांगता येतील. तीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर दोन न्यूटन मीटर म्हणजे सुमारे १.३ ते १.४ किलोची ओढ, आठ म्हणजे सुमारे साडेपाच किलोची आणि पंचवीस म्हणजे तब्बल सतरा किलोची. तासभर सतरा किलोंशी झुंजण्याची हौस क्वचितच कोणाला असेल. मग मोठ्या आकड्याचा उपयोग काय? उत्तर 'क्लिपिंग'मध्ये आहे. खेळाने मागितलेले बल मोटरच्या क्षमतेपलीकडे गेले की त्यापुढचे सारे फरक सपाट होतात. वेगवान वळणावर मोटर आधीच पूर्ण ताकदीने ओढत असेल, तर त्याच वेळी चाकाखाली आलेला उंचवटा हाताला कळणारच नाही. ताकद शिल्लक असेल तर तो कळतो.

तरीही आठ ते बारा न्यूटन मीटर घरगुती वापरास पुरेसे ठरतात, असे म्हणण्यास हरकत नाही. खरेदी करताना कमाल ताकद आणि सतत टिकणारी ताकद यांतील फरक मात्र विचारून घ्यावा.

खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे असे काही

० बैठक : स्टीअरिंग हलक्या टेबलाला अडकविल्यास टेबलच हलते आणि पैसे मोजून विकत घेतलेले बारकावे त्यात जिरून जातात. टेबल भक्कम असावे, अन्यथा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

० पेडल : ब्रेकचे साधे पेडल पाय किती खाली गेला ते मोजते, 'लोड सेल' असलेले पेडल दाब मोजते. पायाला दाब लक्षात ठेवणे सोपे जाते. पैसे मर्यादित असतील तर आधी पेडल बदलावे, असा सल्ला अनेक जाणकार देतात.

० जुळणी : संगणकावर चालणारे प्रत्येक स्टीअरिंग प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर चालेलच असे नाही. उदाहरणार्थ, 'सीएसएल डीडी' प्लेस्टेशनवर चालत नाही. त्यासाठी कंपनीने 'ग्रान तुरिस्मो डीडी प्रो' हे वेगळे उपकरण काढले.

० कंपनी : चक्र, पेडल, जोडणीचा खटका हे सारे बहुधा एकाच कंपनीचे घ्यावे लागते. फॅनाटेकची मूळ कंपनी एंडॉर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली व त्याच वर्षी कॉर्सेअरने ती विकत घेतली. दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा विचार आधी का करावा, हे यावरून ध्यानात यावे.

० एकूण खर्च : जाहिरातीतील किंमत पुष्कळदा केवळ मोटरची असते, चक्र व पेडल वेगळे. परदेशातून मागविल्यास सीमाशुल्क, कर आणि वजनामुळे वाढणारा वाहतूक खर्च त्यात मिळवावा. बिघाड झाल्यास तेच वजन परत पाठवावे लागेल, हेही विसरू नये.

अंगठे सांभाळा

या उपकरणांना खेळणे समजणे धोक्याचे आहे. पडद्यावरील मोटार भिंतीवर आदळली की चक्र क्षणार्धात झटका देते. अंगठे आऱ्यांमध्ये अडकवून धरले असतील तर अंगठ्याला किंवा मनगटाला इजा होऊ शकते. म्हणून अंगठे कडेवर टेकवून ठेवावेत. अपघाताची खात्री झाली की चक्र सोडून द्यावे. नवे उपकरण प्रथम निम्म्याहून कमी ताकदीवर लावावे आणि सवय होईल तसे वाढवावे. मोठ्या उपकरणांसोबत मिळणारे आपत्कालीन बटण हाताच्या अंतरावर बसवावे. लहान मुलांना या चक्राशी एकटे सोडू नये.

वेग वाढतो काय?

नव्या स्टीअरिंगमुळे फेरीची वेळ आपोआप घटते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. दात्यांच्या जुन्या स्टीअरिंगवर उत्तम वेळ नोंदविणारे खेळाडू आजही आहेत. पकड सुटण्याची पूर्वसूचना मिळू लागल्यावर चुका कमी होतात आणि फेऱ्यांमध्ये सातत्य येते. लाभ आहे तो इतकाच, पण छोटा नाही. ज्यांच्या हातांना जुन्या स्टीअरिंगची मर्यादा खरोखर जाणवू लागली आहे, त्यांच्यासाठी ही खरेदी सार्थ ठरते. ज्यांना ती अद्याप जाणवलेली नाही, त्यांनी एखाद्या मित्राकडे किंवा सिम रेसिंग केंद्रात तासभर हे चक्र हाती धरून पाहावे, आणि मगच पैशाची पिशवी उघडावी.