कात्रजचा डोंगर

पुणे शहराच्या दक्षिणेस सु. १० किमी. अंतरावर असलेला, सिंहगड-भुलेश्वर रांगेतील डोंगर व त्यातून जाणारा घाट. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे फुटलेली ही रांग सिंहगड, कात्रज व दिवे घाट यांवरून भुलेश्वरकडे उतरत जाते. तिच्या उत्तरेस मुठा-मुळा आणि दक्षिणेस नीरा व कऱ्हा यांची खोरी आहेत. कात्रजच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी म्हणूनच दोन दिशांस विभागले जाते. उत्तर उतारावरील पाणी आंबिल ओढ्याने मुठेत, तर दक्षिणेकडील पाणी शिवगंगा व गुंजवणी या नद्यांवाटे नीरेत जाते. नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेस मिळते व माथ्यावर दुरावलेले हे पाणी तेथे पुन्हा एकत्र येते.

डोंगर संपूर्णपणे बेसाल्ट या अग्निज खडकाचा आहे. त्याचा आकार पाहून येथे पूर्वी ज्वालामुखीचे मुख असावे, अशी समजूत पुष्कळांची होते; ती बरोबर नाही. दक्षिण ट्रॅपचा लाव्हा एखाद्या शिखराच्या तोंडातून उसळला नसून मुख्यतः जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांवाटे बाहेर आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरला. असे एकावर एक थर साचून प्रथम पठार तयार झाले. डोंगर व शिखरे ही त्यानंतरची, नद्यांनी पठार कोरून उरवलेली रूपे होत. सिंहगडाच्या व कात्रजच्या कड्यांवरील थर जवळजवळ आडवे दिसतात, याचे कारणही हेच. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३० नंतरच्या दशकात दख्खनच्या भूविज्ञानावर लिहिताना या आडव्या थरांची दखल घेतली होती. पुढे विल्यम टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतर्फे ट्रॅप खडकांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अलीकडील वर्गीकरणानुसार या रांगेचा वरचा भाग वाई उपगटात मोडतो. किरणोत्सर्गी कालमापनावरून उद्रेकांचा मुख्य काळ सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो आणि तो दहा लाख वर्षांच्या आसपास आटोपला असावा, असे मानतात.

थरांचे स्वरूप सारखे नाही. काही थर घट्ट व काळ्या पाषाणाचे असून त्यांतून पाणी केवळ भेगांवाटे झिरपते. काही थर पोकळ्यांनी भरलेले असून त्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील खनिजे, क्वॉर्ट्‌झ किंवा कॅल्साइट साचलेली आढळतात. हा खडक लवकर कुजून त्याचा मुरूम होतो. दोन थरांमध्ये अधूनमधून गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये काही काळ गेल्याची व पृष्ठभाग झिजल्याची ती खूण होय. घट्ट व मऊ थरांच्या या आलटून-पालटून येण्यामुळेच उतारांस पायऱ्यांचे रूप आले आहे.

इतिहासात कात्रजचे नाव प्रथम शायिस्ताखान प्रकरणाशी जोडले जाते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालावर छापा घातला. त्या वेळी बैलांच्या शिंगांस मशाली बांधून त्यांना कात्रजच्या घाटात सोडले व मोगल सैन्य त्या उजेडामागे गेले, अशी परंपरागत कथा आहे. तीस समकालीन पुराव्याचा आधार देणे कठीण असले, तरी भूरचनेच्या दृष्टीने ती असंभवनीय नाही. घाटाचा माथा पुण्याच्या बाजूने दुरूनही दिसतो. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा फसविणे या अर्थाचा वाक्प्रचार मात्र मराठीत कायमचा रूढ झाला.

डोंगराचा पुण्यास खरा उपयोग झाला, तो पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून तलाव केले. वरच्या तलावात गाळ खाली बसून निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, अशी योजना होती. तेथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने, केवळ उताराच्या बळावर, पाणी शहरातील हौदांस व शनिवारवाड्यास पुरविले जाई. नळावर ठिकठिकाणी हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्‌वास बांधलेले होते. त्यांतील काहींचे अवशेष आजही दिसतात. याच काळात शहरातून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याचा प्रवाह पश्चिमेस वळविण्यात आला व पर्वतीच्या पायथ्याशी तळे तयार झाले. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाल्यानंतर कात्रजच्या पाण्याचे महत्त्व ओसरले.

साताऱ्याकडे जाणारा रस्ता या घाटातून बोगद्याने जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महामार्गासाठी सु. सव्वा किमी. लांबीचा नवा जोडबोगदा झाला. कात्रज गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले व उतारांवर वस्ती झपाट्याने चढू लागली. तिचे परिणाम गंभीर झाले. जून २०१३ मध्ये बोगद्याच्या दक्षिणेस शिंदेवाडीनजीक डोंगर फोडलेल्या जागेवरून पावसाचे पाणी महामार्गावर लोटले व एक महिला आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत आंबिल ओढ्यास महापूर आला. पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जलविभाजकाच्या दक्षिणेस, खेड शिवापूरच्या बाजूसही, त्याच रात्री जीवितहानी झाली. तीव्र उताराच्या बेसाल्टी भूमीवर पाणी थोडेच मुरते व अल्पावधीत ओढ्यांत उतरते. त्यातच आंबिल ओढ्याचे पात्र भराव, भिंती व बांधकामे यांनी अरुंद झालेले होते आणि शहरातील त्याचा मार्ग हा मुळातच वळविलेला आहे. १७५० च्या सुमारास ओढा वळविला, तेव्हा त्याच्या वरच्या बाजूस शेते व माळरान होते.