विद्युत्‌चुंबकत्वाचे संगणकसाहाय्यित अध्यापन (बंगळूरु)

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे, तरंग, प्रेषणतारा आणि अँटेना हे विषय संगणकावरील आकडेमोड व चित्रण यांच्या मदतीने शिकविण्याची पद्धत. मॅक्सवेल समीकरणे कागदावर सुटतात ती मोजक्या साध्या आकारांसाठीच. अँटेना जरा वेडावाकडा असला की आकडेमोडीवाचून गत्यंतर नाही.

पूर्वपीठिका : भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत् संदेशवहन विभाग १९४६ मध्ये सुरू झाला. मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून राजेश्वरी चटर्जी १९५३ मध्ये तेथे अध्यापक झाल्या. त्या विद्युत्‌चुंबकीय सिद्धांत शिकवीत. पती शिशिरकुमार यांच्यासह त्यांनी सूक्ष्मतरंगांवरील संशोधन उभारले. क्लिस्ट्रॉनला जोडलेल्या वेव्हगाइडच्या फटीतून शलाका थोडी थोडी सरकवून स्थिर तरंगाचे चढउतार वहीत उतरवणे, ही या विषयाची जुनी तालीम. ती आजही वगळू नये.

संगणकाचा प्रवेश : केन यी यांची काल-अवकाश जालकाची रीत (१९६६) आणि रॉजर हॅरिंग्टन यांचा आघूर्ण पद्धतीवरील ग्रंथ (१९६८) हे दोन पाये. यूटा विद्यापीठात मॅग्डी इस्कंदर यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास शैक्षणिक सॉफ्टवेअरचे केंद्र चालले. बंगळूरुत व्ही. राजारामन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये महासंगणन केंद्र उभे राहिले. एनपीटीईएल (२००३) या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात आयआयटींबरोबर विज्ञान संस्थाही आहे.

वर्गातील उपयोग : सर्वांत फलदायी पाठ साधा आहे. चौरसाच्या एका बाजूला १०० व्होल्ट, उरलेल्या तिन्हींना शून्य. स्प्रेडशीटच्या आतल्या प्रत्येक घरात शेजारच्या चार घरांची सरासरी लिहायची आणि आकडे स्थिरावेपर्यंत पुन्हापुन्हा काढायची. मध्यबिंदूवर २५ व्होल्ट येतात, आणि सममितीने ते तोंडीही सांगता येते. यीच्या रीतीत कालपायरी मर्यादेबाहेर गेली की आकडे भडकतात. विद्यार्थ्याने हे एकदा स्वतः पाहावेच. एचएफएसएससारखे क्षेत्रांच्या आकडेमोडीचे तयार सॉफ्टवेअर त्यानंतर हाती द्यावे. आधी दिल्यास रंगीत चित्र मिळते, पण ते बरोबर की चूक हे ठरवण्याची नजर येत नाही.

विद्यापीठ : विश्वेश्वरय्या तंत्रविज्ञान विद्यापीठ, स्थापना १९९८, मुख्यालय बेळगाव, बंगळूरुतील अनेक महाविद्यालये संलग्न.

मराठी संबंध : रघुनाथ शेवगांवकर यांनी बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत काम केले, गौरीबिदनूरच्या ३४.५ मेगाहर्ट्‌झच्या दुर्बिणीशी त्यांचे संशोधन निगडित होते. पुढे आयआयटी मुंबईत असताना प्रेषणतारा व विद्युत्‌चुंबकीय तरंगांवर त्यांनी दिलेली व्याख्याने एनपीटीईएलवर आहेत.

मुक्त साधने : सायलॅब, ऑक्टेव्ह, पायथन, तारेच्या अँटेनांसाठी एनईसी-२.