कमी खर्चातील टेलिफोटो झूम निवडताना : पल्ल्याआधी दिल्लीच्या हिवाळी प्रकाशाचा विचार आवश्यक

नवी दिल्ली : हिवाळ्याची चाहूल लागताच दिल्ली आणि परिसरातील पाणथळ जागांवर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. त्यांच्या मागोमाग हौशी छायाचित्रकारांची वर्दळही वाढते. यमुनाकाठचे ओखला पक्षी अभयारण्य, गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आणि ग्रेटर नोएडाजवळील धनौरीची पाणथळ ही त्यांची नेहमीची ठिकाणे. मिररलेस कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सने तेथील पक्षी टिपता येत नाहीत, हे पहिल्याच फेरीत ध्यानात येते आणि कमी खर्चात कोणती टेलिफोटो झूम घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो. मर्यादित उत्पन्नात ही खरेदी वारंवार होत नाही. त्यामुळे केवळ मोठा आकडा पाहून केलेली निवड धुक्याच्या पहिल्याच सकाळी निराश करू शकते.

पल्ला नेमका किती हवा?

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. ते जितके अधिक, तितका दूरचा विषय मोठा दिसतो. फुल-फ्रेम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स लावली, तर ३० मीटर अंतरावरील सुमारे २.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच क्षेत्र चौकटीत येते. सुमारे एक मीटर उंचीचा चित्रबलाक त्यात अर्ध्याहून अधिक उंची व्यापतो. २८ सेंटीमीटरचा खंड्या मात्र चौकटीच्या रुंदीचा जेमतेम दहावा भाग व्यापतो. बलाक, सारस, मोठी बदके टिपायची असतील, तर ४०० मिमीचा पल्ला बहुतेक वेळा पुरतो. लहान पक्ष्यांसाठी जवळ जाण्याची संधी मिळेपर्यंत थांबावे लागते किंवा छायाचित्र कातरावे लागते.

एपीएस-सी या लहान सेन्सरमुळे हा पल्ला कमी खर्चात गाठता येतो. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्म यांच्या अशा कॅमेऱ्यांत दृश्यकोन दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट अरुंद होतो. त्यामुळे निकॉनची २५० मिमी लेन्स फुल-फ्रेमच्या ३७५ मिमीइतका कोन देते. मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीत हे प्रमाण दुप्पट असल्याने ३०० मिमी लेन्सचे काम ६०० मिमीसारखे होते.

प्रकाशाचा हिशेब

स्वस्त टेलिफोटोंमध्ये खरी तडजोड अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या आकाराची असते. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/८ वर निम्माच प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी हे चालून जाते. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतो आणि डिसेंबर-जानेवारीतील धुक्याच्या सकाळी एफ/८ वर तो वेग राखायचा, तर आयएसओ वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. जेथे एफ/५.६ वर आयएसओ १६०० पुरतो, तेथे एफ/८ वर ३२०० लागतो. आधुनिक सेन्सर आणि नॉईज कमी करणारी संगणकप्रणाली यांमुळे ही उणीव बरीच भरून निघते. तरीही पिसांचे बारीक तपशील काही प्रमाणात गमवावे लागतात.

डीएसएलआरच्या जमान्यात एफ/८ ची झूम लेन्स जवळपास अव्यवहार्य होती, कारण बहुतेक कॅमेऱ्यांची स्वयंफोकस यंत्रणा एफ/५.६ च्या पुढे अडखळत असे. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवरून होत असल्याने ती मर्यादा पुष्कळ सैल झाली. त्यातूनच कॅननने २०२० मध्ये एफ/११ च्या ६०० आणि ८०० मिमी लेन्स, तर २०२१ मध्ये १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही हलकी झूम बाजारात आणली.

दिल्लीत आणखी एक अडचण असते ती हवेची. धुके आणि धूलिकण यांमुळे दूरच्या विषयाचा उठाव आणि रंग फिके पडतात. अधिक लांब लेन्स पक्ष्यासोबत मधला धूसर पडदाही मोठा करून दाखवते. या कारणाने आलेला मऊपणा महागड्या लेन्सनेही जात नाही. अंतर कमी करणे किंवा धुके विरळ होईपर्यंत थांबणे हाच त्यावरील उपाय. उन्हे तापल्यावर पाण्यावरील आणि जमिनीवरील उष्ण हवेची थरथरही प्रतिमा बिघडवते. म्हणूनच धुके ओसरल्यानंतरचे आणि ऊन चढण्यापूर्वीचे तास अधिक उपयोगी ठरतात.

स्थिरीकरण कोठे आहे, हे पाहावे

लांब लेन्सवर हाताचा किंचित कंपही चित्र अस्पष्ट करतो. हा कंप भरून काढणारी यंत्रणा लेन्समध्ये असते किंवा कॅमेऱ्याच्या आत. सोनी ए६४००, निकॉन झेड५० आणि कॅनन आर५० यांसारख्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आत ती नाही. अशा कॅमेऱ्यासाठी लेन्समध्ये स्थिरीकरण असणे महत्त्वाचे. स्थिरीकरण केवळ हाताचा कंप सावरते. पक्ष्याची हालचाल गोठवण्यासाठी वेगवान शटरच लागतो.

कोणत्या कॅमेऱ्याला कोणता पर्याय?

कॅननच्या आरएफ माउंटसाठी १००-४०० मिमी ही ६३५ ग्रॅमची, स्थिरीकरण असलेली लेन्स एक लाख रुपयांच्या आतील प्रमुख पर्याय आहे. तिला हवामानरोधक आवरण नाही. त्याहून कमी खर्चात एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी २७० ग्रॅमची ५५-२१० मिमी मिळते, मात्र तिचा पल्ला बराच कमी आहे. निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी ४०५ ग्रॅमची ५०-२५० मिमी ही किंमत, वजन आणि स्पष्टता यांचा चांगला मेळ साधते. सोनीत ५५-२१० मिमी ही सुरुवातीची लेन्स. अधिक खर्चाची तयारी असल्यास ६२५ ग्रॅमची ७०-३५० मिमी पक्ष्यांसाठी कितीतरी सरस ठरते. फुजीफिल्मच्या वापरकर्त्यांसाठी ५०-२३० मिमी हा स्वस्त, तर ७०-३०० मिमी हा वरचा टप्पा आहे.

टॅमरॉनची ७०-३०० मिमी एफ/४.५-६.३ सोनी आणि निकॉन या दोन्ही माउंटमध्ये मिळते. ती तुलनेने स्वस्त आहे, पण तिच्यात स्थिरीकरण नाही. त्यामुळे ती कॅमेऱ्यात स्थिरीकरण असणाऱ्यांनाच अधिक सोयीची. सोनीची २००-६०० मिमी आणि निकॉनची १८०-६०० मिमी या लेन्स नावाजलेल्या असल्या, तरी दोन्ही सुमारे दोन किलोच्या आणि दीड लाख रुपयांच्या वरच्या असल्याने या चर्चेत बसत नाहीत.

डीएसएलआरसाठीच्या जुन्या लेन्स हा दुर्लक्षित पर्याय आहे. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीच्याच अ‍ॅडाप्टरवर पूर्ण स्वयंफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर मात्र स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वयंफोकस करत नाहीत. अ‍ॅडाप्टरची किंमत आधीच हिशेबात धरावी.

बाजारात जाताना

चांदणी चौकातील कुचा चौधरी ही गल्ली कॅमेरा आणि लेन्सची जुनी बाजारपेठ आहे. नव्या, जुन्या आणि कंपनीच्या भारतातील हमीविना आलेल्या ‘ग्रे’ मालातील फरक विचारूनच भाव करावा. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे आणि त्यावरील अनुक्रमांक लेन्सवरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. व्यवहारात फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणे काढून एका टोकाकडून टॉर्चचा प्रकाश टाकावा. जाळीसारखे तंतू दिसले, तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स टाळणे श्रेयस्कर. धुळीचे दोन-चार कण प्रतिमेवर परिणाम करत नाहीत. झूमची कडी फिरवताना अडकते का, लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, हे पाहावे. आपलाच कॅमेरा सोबत नेऊन सर्वाधिक पल्ल्यावर आणि उघड्या अ‍ॅपर्चरवर काही चित्रे घ्यावीत व ती पूर्ण मोठी करून तपासावीत.

निवडीचा क्रम

प्रथम कॅमेऱ्याचा माउंट आणि त्यातील स्थिरीकरण, नंतर कोणते पक्षी किती अंतरावरून टिपायचे, त्यानंतर अ‍ॅपर्चर आणि वजन व शेवटी किंमत, या क्रमाने विचार केल्यास पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात. निर्णय होत नसेल, तर एका दिवसासाठी लेन्स भाड्याने घेऊन मॅजेंटा मार्गिकेवरील ओखला पक्षी अभयारण्य मेट्रो स्थानकावर उतरावे आणि ती प्रत्यक्ष वापरून पाहावी. हाती आलेला पल्ला अपुरा वाटला, तरी घरट्याच्या किंवा विसावलेल्या थव्याच्या जवळ जाऊन ती उणीव भरून काढू नये. पक्षी उडाला, तर चित्र हुकतेच. शिवाय हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या त्या जिवाची विश्रांतीही मोडते.