मर्म, तुंबडी आणि सुई

माहूरगड ज्या नांदेड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. फड आला की खांदा निखळणे, गुडघा मुरगळणे, पाठीत उसण भरणे हेही आलेच. पैलवानाच्या दुखऱ्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या मालिश, शेक, डाग, तुंबडी आणि हाडवैद्याचा हात हे उपाय होत आले. खेळाडूंच्या उपचारांत आता ॲक्युपंक्चरची सुईही आली आहे. तिच्यासोबत एक दावा हमखास ऐकू येतो: ही विद्या मुळात आपलीच, सुश्रुताच्या मर्मविद्येतून चीनला गेलेली. हा दावा ग्रंथाशी ताडून पाहायला हवा.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांचे वर्ग पाडले आहेत ते घाव बसल्यावर काय होते यावरून: तत्काळ मृत्यू, कालांतराने मृत्यू, शल्य उपसताच मृत्यू, व्यंग किंवा वेदना. शस्त्रकर्म करताना मर्मे सांभाळावीत, असा वैद्याला इशारा आहे. चिनी वैद्यकातले बिंदू मात्र सुई टोचण्यासाठीच सांगितलेले आहेत. एक यादी जपण्याच्या जागांची, दुसरी टोचण्याच्या जागांची. शरीर एकच असल्यामुळे काही ठिकाणे जुळतात. पण तेवढ्यावरून एक विद्या दुसरीची आई ठरत नाही.

आपले म्हणून जे खरोखर दाखवता येते ते वेगळे आहे. सुश्रुताने स्नायू, सांधे व हाडे यांतल्या तीव्र वेदनेवर अग्निकर्म सांगितले. रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा, सांगितला. खेड्यापाड्यांतली तुंबडी याच कुळातली.  २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जगाने पाहिलेले गोल वळ अशाच उपचाराचे होते. फक्त त्यात रक्त काढत नाहीत. तालमीतले वैद्यकही असेच हातातून हातात आले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव मल्लविद्येचे गुरू होते, तसेच नावाजलेले हाडवैद्यही.

सुईचा प्रवास मात्र अलीकडचा आणि तारखांनिशी सांगता येणारा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांचे नाव आज ॲक्युपंक्चरशी जोडले जाते. पण ते रणभूमीवरचे शल्यचिकित्सक होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. सुई भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात वापरू लागले. केंद्र सरकारने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून तिला मान्यता दिली. पुढे महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला.

दुखरी जागा दाबून शोधायची आणि तिथेच टोचायचे, ही रीत सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या चिनी वैद्याच्या नावावर आहे. १९७९ मध्ये प्रागच्या कारेल लेविट यांनी स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर औषधाविना नुसत्या सुईचा परिणाम नोंदवला. खेळाडूंवर आज वापरले जाणारे ‘ड्राय नीडलिंग’ या वाटेने आले. त्याने आखडलेला स्नायू सैल होतो, काही काळ वेदना उतरते. मात्र खरी सुई आणि नुसता टोचल्याचा भास यांची तुलना केली, की फरक बहुधा थोडाच उरतो. तुटलेले स्नायुबंध सुईने सांधले जात नाहीत. खांद्यामागे ती खोल गेली, तर फुप्फुसालाही इजा होऊ शकते.

प्राचीनतेचा शिक्का म्हणूनच महाग पडतो. ‘ऋषिमुनींची विद्या’ म्हटले की प्रश्न विचारणे थांबते आणि दुखणे दबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे समजून पैलवान पुन्हा फडात उतरतो. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. त्याला झोपवायचे असेल, तर आधी आत काय तुटले आहे ते पाहावे लागते. इशारा देणाऱ्या सुश्रुताचा वारसा सांगायचाच, तर त्याची ही सावधगिरी आधी घ्यावी.