‘हंस-दमयंती’ : एका शिळाछाप चित्रातील मनोगत

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे ‘हंस-दमयंती’ हे चित्र १८९९ सालचे. त्याच्या शिळाछाप प्रती पुढे घरोघरी भिंतींवर विराजमान झाल्या. अशा छापचित्रांच्या कल्पनेशी बडोद्याचा जवळचा संबंध आहे. बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरच्या मराठी परंपरेतले सर टी. माधवराव यांनी १८८४ साली रविवर्म्यांना पत्राने तशी सूचना केली होती. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले आणि १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला.

चित्रात तांबड्या साडीतील दमयंती एकटीच उभी आहे. जवळ कमळे फुललेली पुष्करिणी आणि दगडी कठड्यावर हंस. नल कोठेच नाही. प्रियकराच्या अनुपस्थितीमुळेच आपली दृष्टी तिच्या मुद्रेवर खिळते. तीत लज्जा आहे, उत्कंठा आहे. पण त्याहून अधिक आहे ती ऐकण्यातील एकाग्रता.

महाभारताच्या वनपर्वातील हंस सुवर्णभूषित आहेत. चित्रकाराने हंस पांढराशुभ्र रंगविला. त्यामुळे तो अद्भुत पक्षी न राहता कुलीन कन्येच्या निष्कलंक मनाचे प्रतीक वाटू लागतो. मूळ कथेत हंसाने नलाची स्तुती करताच दमयंती त्यालाच सांगते, की नलापाशीही असेच बोल. म्हणजे निरोप धाडणारी ती स्वतः आहे. हंस हा केवळ मर्यादेचा पडदा. आपल्याकडे रघुनाथपंडितांच्या आख्यानाने हा हंस रसिकांच्या परिचयाचा केलाच होता.

या चित्राचे मोल त्याच्या काळात आहे. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या कायद्यावरून समाजात केवढे रण माजले होते! मुलीला विचारून लग्न ठरविण्याची रीत नव्हती. अशा घरांच्या भिंतींवर विदर्भाची ही राजकन्या स्वतःच्या मनाचा कौल ऐकत उभी राहिली.

पुढे स्वयंवरात नलाचे रूप घेतलेल्या चार देवांतून तिने नलाला ओळखले, ते त्याच्या घामावरून, कोमेजलेल्या माळेवरून, भूमीवर पडलेल्या सावलीवरून. देवत्व नाकारून तिने मर्त्य माणूस वरला. त्या निर्णयाचा आरंभक्षण रविवर्म्यांनी टिपला आहे. जुन्या घरात ही तसबीर आढळल्यास रंग उडाले म्हणून ती अडगळीत टाकू नये. आपल्या पणजी-आजींनी न बोललेले पुष्कळ काही तिच्यात जपलेले असेल.